सासूबाईंबरोबर मुलगी पाहायला

आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला. आमच्या संसारात परस्पर संमतीने झालेली ती बहुधा पहिलीच गोष्ट. कोर्टाच्या फाटकाबाहेर आल्यावर नुकताच माजी झालेला माझा नवरा म्हणाला, "ऑटो बघू का?" मी म्हटलं, "नको, जाईन मी." तो "बरं" म्हणाला आणि गेला. वकील मात्र थोडे नाराज दिसले. त्यांना निदान थोडी रडारड अपेक्षित असावी.

मोठ्या शहरात वेगळं झालं की माणसं खरोखर वेगळी होतात. गोंदियात तशी सोय नाही. गावाच्या मधून रेल्वे गेली आहे, तेव्हा मी पुलाच्या पलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि रूळ हीच हद्द असं मनाशी ठरवलं. भाजीवाली बदलली, शिंपी बदलला, दातांचा डॉक्टर बदलला. तरी पहिल्याच आठवड्यात तो पेट्रोल पंपावर माझ्या पुढेच उभा. दुसऱ्या कॉलेजातले मास्तर परीक्षेच्या कामात भेटले की जशी मान हलवतात, तशी आम्ही एकमेकांना मान हलवली.

मी ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये बातमी माझ्या आधी पोचली होती. कोणी काही विचारलं नाही, फक्त सुट्टीच्या दिवशीची सगळी कामं माझ्याकडे येऊ लागली. मी कुरकुर केली तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी अगदी मायेने म्हणाले, "तुमाले काय मॅडम, घरी कोन वाट पाहून राहिलं?"

घरमालकीण बाई हिंदी बोलणाऱ्या, व्यापारी घरातल्या, मनाने चांगल्या. त्यांनी माझी अब्रू स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळायची असं ठरवलं. एक दिवस जिन्यात थांबवून म्हणाल्या, "मैंने सबको बोल दिया है, आपके मिस्टर बाहर रहते हैं. टेन्शन मत लेना." हे 'बाहर' फार दिवस टिकलं नाही. माझ्या माजी नवऱ्याचं शेतीपंपांचं दुकान आहे. समोरच्या घरातले गृहस्थ तिथे मोटर घ्यायला गेले, बोलता बोलता धागा जुळला, आणि त्यांनी त्याला विचारलं, "आप बाहर से कब आये?" तो म्हणाला म्हणे, "सुबह दस बजे. दुकान तभी खुलती है." त्यानंतर गल्लीने हा विषय सोडून दिला.

असं सगळं हळूहळू बसत चाललं होतं. आणि एका सोमवारी सकाळी दारात माझ्या सासूबाई उभ्या.

त्या कामठ्याच्या पुढे एका खेड्यात राहतात. धानाची शेती आहे, ती त्या स्वतः बघतात. मुलगा एकच. दर सोमवारी त्या नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला यायच्या, तेव्हा आमच्याकडे जेवून मग परत जायच्या. आता त्या माझ्या नव्या दारात होत्या. हातातल्या पिशवीत लाखोरीची डाळ आणि पोपटाच्या शेंगा. आमच्याकडे वालाला पोपट म्हणतात.

"आई, पत्ता कोणी दिला?"

"तुह्या कॉलेजात गेली होती. चपराश्यानं सांगतलं." त्या आत येऊन बसल्या, खोली नजरेने मोजली. "बारकी हाय. पन उजेड हाय."

मी पाणी दिलं. मग जमेल तितक्या मऊ आवाजात म्हटलं, "आई, आता तुम्ही इकडे येणं बरं दिसेल का?"

"काऊन?"

"आमची फारकत झाली आहे ना."

"तुमच्या दोघाइची झाली. माही कोनाशी झाली?" त्यांनी शेंगांची पिशवी माझ्याकडे सरकवली. "कोर्टानं मले तं काही विचारलं नाही."

मी शेंगा परातीत ओतल्या. मी विचारलं, "तिकडे माहीत आहे का, तुम्ही इथे आलात ते?"

"तिकडं कोनी विचारते का मले, का मी सांगू?"

तेव्हापासून सोमवार त्यांचा झाला. त्या दिवशी माझे तास दुपारी असतात, हे त्यांनी चपराश्याकडूनच काढून घेतलं होतं. सकाळी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नागऱ्याला न्यायची. त्या एका बाजूला पाय सोडून बसत आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची मला आगाऊ सूचना देत. देवळात ओळखीच्या बाया विचारायच्या, "सून का?" त्या "हो" म्हणायच्या. महादेवासमोर कायद्याचा मुद्दा काढणं मला बरं वाटलं नाही.

मुलाबद्दल त्या कधी बोलत नसत आणि मीही विचारत नसे. आम्ही धानावर पडलेल्या रोगाबद्दल बोलायचो, त्यांच्या गुडघ्यांबद्दल, घरमालकिणीच्या भांडकुदळ मांजराबद्दल. लग्नाच्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघी इतक्या बोललो नव्हतो. तेव्हा मधे एक माणूस असायचा.

मग एका सोमवारी, दर्शन करून आल्यावर, बशीतला चहा फुंकत त्या म्हणाल्या, "एक काम हाय तुह्याशी."

"बोला."

"त्याच्यासाठी एक पोरगी पाहून ठेवली हाय. नवेगावची, तिथंच दवाखान्यात नर्स हाय. तिचीही फारकत झाली हाय. येत्या इतवारी जायचं हाय पाहाले. तू चाल."

मला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "मी? कुठे?"

"नवेगावले. त्याले नेलं तं तो गप बसते. पोरीवाल्याइले वाटंल, मुका हाय."

"आई, मी कशी येणार? लोक काय म्हणतील?"

"लोकाइले कोन सांगते?" त्यांनी बशी खाली ठेवली. "हे पाहा. मी त्याची माय हाय, मले तं तो चांगलाच दिसते. माणूस कसा हाय हे तुले मालूम हाय. पोरगी त्याच्याशी निभावंल का नाही, तूच सांगू शकतं."

मी नाही म्हटलं. पूर्ण आठवडाभर मी ते अगदी ठामपणे म्हणत राहिले, मुख्यतः स्वतःशीच. रविवारी सकाळी मी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून बसस्टँडवर उभी होते. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हतं. मला पाहायचं होतं, एवढंच. आपण उठून आलेल्या खुर्चीत कोण बसणार आहे, हे बघायची संधी फार कमी बायकांना मिळत असेल.

बसमध्ये सासूबाईंनी तयारी सुरू केली. "तुले भाची म्हनू का?"

"मी खोटं बोलणार नाही."

"तुले कोन बोलाले लावून राहिलं? तू चूप बस."

"मग मला नेता कशाला?"

"पाहाले," त्या म्हणाल्या, आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

नवेगावला मुलीच्या भावाचं घर तलावापासून जवळच होतं. भाऊ मासेमारांच्या सोसायटीत कामाला. वहिनी हसऱ्या, पण नजर तीक्ष्ण. अंगणात धुतलेली जाळी वाळत पडली होती. आम्हाला खुर्च्या दिल्या, पोहे आले, वर शेव आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. वहिनींनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"घरचीच हाय," सासूबाई म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मीही पोह्यांकडे लक्ष दिलं.

मुलगी म्हणजे सदतीस-अडतीस वर्षांची बाई. ट्रे वगैरे काही घेऊन आली नाही. नुकतीच ड्युटीवरून आलेली दिसत होती, ओले हात पुसत सरळ आमच्यासमोर खुर्ची ओढून बसली. भावाने दुकानाची चौकशी केली, शेती किती, पाण्याची सोय काय. सासूबाईंनी आपल्या मुलाचं असं काही वर्णन केलं की मलाही त्याला एकदा भेटावंसं वाटलं.

मग ती बाई म्हणाली, "आमच्या घरी रोज मासे असतात. तिकडे खातात का?"

सासूबाई म्हणाल्या, "खाते ना." आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्यांना चालतात, काटे काढून दिले तर."

वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बहिणीने 'त्याला' म्हटलं असतं, भाचीने 'दादाला' म्हटलं असतं. 'ह्यांना' असं या जगात एकच बाई म्हणते. कागदोपत्री माझं सगळं सुटलं होतं, आडनाव बदलून झालं होतं, बँकेतला वारस बदलला होता. सर्वनाम बदलायचं राहून गेलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी शांतपणे आणखी पोहे मागितले.

त्या बाईने कप खाली ठेवला. "चला ताई," ती मला म्हणाली, "तलाव दाखवते तुम्हाला."

बांधावर वारा होता. पाण्यावर बदकांची काळी ओळ, लांब एक डोंगा. थोडं चालल्यावर ती थांबली आणि रांगेतला नंबर विचारावा तसं विचारलं, "तुम्ही पहिल्या का?"

"हो," मी म्हटलं.

ती हसायला लागली. इतकी हसली की शेवटी बांधाच्या दगडावर बसली. मग मीही हसले. डोळे पुसत ती म्हणाली, "मला पाहायला मामा आले, काका आले, एकाचा तर शेजारी आला होता. बायको पहिल्यांदाच आली."

"मला आणायला नको होतं त्यांनी."

"काऊन? उलट बरं झालं. बसा. मारतो का?"

इतका सरळ प्रश्न मला वकिलानेही विचारला नव्हता. मी बसले. "नाही. कधीच नाही."

"पितो?"

"लग्नाकार्यात थोडी. मग जागच्या जागी झोपतो."

"बाहेर काही?"

"नाही."

"मग सोडलं काऊन?"

कोर्टात आम्ही 'स्वभाव जुळत नाहीत' असं लिहून दिलं होतं. तेच तिलाही सांगता आलं असतं. पण ती पेशंटचा ताप बघावा तशी माझ्याकडे बघत होती, आणि थातुरमातुर सांगणं जड गेलं.

मी म्हटलं, "बोलत नाही तो. म्हणजे भांडण म्हणून अबोला नाही. तसाच आहे. माझे वडील वारले, तेव्हा मी माहेरी दिवस करून परत आले. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, 'गॅस संपलाय.' एवढंच. मी रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी कुकर उघडला तर आत अर्धी कच्ची खिचडी. मी येणार म्हणून त्याने लावली होती आणि मधेच सिलिंडर संपलं. ते सांगत होता तो."

"आणि खिचडीचं बोललाच नाही?"

"नाही. आणि असं एकदाच नाही झालं. त्याचं चांगलं असेल ते मला नेहमी दुसऱ्या दिवशी सापडायचं. तोवर माझा जीव जाऊन यायचा. शेवटी मी दमले."

तिने एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाली, "माझा पहिला खूप बोलायचा. सकाळी डोळे उघडले की सुरू. मी कशी उभी राहते, कशी हसते, पेशंटशी बोलताना मान कशी हलवते. झोपेपर्यंत. मी घर सोडलं त्या दिवशी पहिली गोष्ट काय केली सांगू? बसमध्ये मागच्या सीटवर एकटी बसले आणि कोणी काही बोलत नव्हतं ते ऐकत राहिले." तिने पदर खोचला आणि उठली. "मला चूप माणूस चालेल, ताई. कुकर मी त्याच दिवशी उघडीन."

यावर मला काय वाटलं ते मी पुढे अनेकदा तपासून पाहिलं. मत्सर नव्हता. राग तर नाहीच. इतकी वर्षं मी ज्या दाराला धडका देत होते, ते दार हिला ढकलायची गरजच वाटत नव्हती. तिला हवं असलेलं घर तसंच, बंद दाराचं होतं. यात माझं चुकलं नव्हतं, त्याचंही नव्हतं. वाईट वाटलं ते एवढंच, की हे समजायला नवेगावपर्यंत यावं लागलं.

परत जाताना तिने विचारलं, "तुमचं काय? करणार का दुसरं?"

"सध्या तरी माझे सोमवार तुमच्या सासूबाईंनी घेतले आहेत," मी म्हटलं.

घरी आल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मला माणूस पाहायचा आहे. दवाखान्यात पाठवा. बीपीही बघून घेईन." भाऊ गोरामोरा झाला. सासूबाई मात्र मनापासून खूश झाल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली आहे. तुम्हाला जड जाईल."

"मले कोन सोपं गेलं?" त्या म्हणाल्या. 'ह्यांना' बद्दल त्या तेव्हाही बोलल्या नाहीत, नंतरही नाहीत. फक्त उतरताना त्यांनी माझ्या हातातली पिशवी स्वतः घेतली. एरवी त्या मला द्यायच्या.

तो खरंच गेला दवाखान्यात. आणि काही दिवसांनी मला त्याचा फोन आला. घटस्फोटानंतरचा पहिला. पलीकडे बराच वेळ नुसता दुकानातला आवाज येत राहिला.

"तू नवेगावला गेली होतीस?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"होतं ते."

"बरं."

मी ठेवणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, "खिचडीचं म्हणाली ती."

"हो. सांगितलं मी."

पुन्हा दुकानातला आवाज. कोणीतरी पाइपाचा भाव विचारत होतं. मग तो म्हणाला, "त्यात मीठ टाकायचं विसरलो होतो. म्हणून नव्हतं सांगितलं तेव्हा."

फोन ठेवल्यावर मी स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसून राहिले. तिसऱ्या तासाची घंटा झाली तरी मला उठायचं सुचलं नाही. शेवटी चपराशी बोलवायला आला.

लग्न रजिस्ट्रारच्या कचेरीत झालं, संध्याकाळी मोजक्या माणसांचं जेवण. मला आमंत्रण होतं, नव्या नवरीनेच फोन करून दिलेलं. मी गेले नाही. न जाण्यात काही मोठा विचार नव्हता, मला तिथे कुठे बसायचं ते ठरवता येईना. त्या दिवशी मी अकरावीचे पेपर तपासले. एकाने गांडुळाला नसलेली फुप्फुसं काढली होती. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि दुसऱ्या दिवशी पेपर परत काढून ते कमी केले.

सासूबाई त्यानंतर बरेच सोमवार आल्या नाहीत. हे असं होणार हे मला ठाऊक होतं आणि व्हावं असंच मी म्हणत होते. दोन वेळा मी एकटीच नागऱ्याला गेले. देवळात एका बाईने विचारलं, "सासू नाही आल्या?" मी म्हटलं, "गावी आहेत." मग दर्शन न घेताच परत आले, म्हणजे रांगेत उभी राहून मधेच बाहेर पडले. घरी येऊन पोळ्या केल्या. दोघींच्या अंदाजाने कणीक भिजवली गेली होती, उरलेल्या पोळ्या मांजराने खाल्ल्या. मला माणसांची इतकी सवय असेल असं मला वाटलं नव्हतं. नवऱ्याशिवाय राहायला मी लगेच शिकले होते. हे वेगळं होतं.

हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं. दवाखाना माझ्या घरापासून जवळ. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आराम माझ्याकडेच करणार. नव्या सुनेने मला फोन केला. तिची बदली अजून व्हायची होती, ती नवेगावला जाऊन-येऊन करत होती. "ताई, मी रजा घेते म्हटलं, तर त्या म्हणतात, तू मले पेशंट समजतं, मी पेशंट नाही. तुम्हाला चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. ती म्हणाली, "थेंब वेळेवर टाका. त्या टाळतील. दटावायचं."

सामान पोचवायला तो आला. एका हाताने आईला धरलेलं, दुसऱ्या हातात गादीची वळकटी. मी घर घेतल्यापासून तो पहिल्यांदाच आत येत होता. खुर्चीच्या टोकावर बसला, चहा घेतला. साखर मला विचारावी लागली नाही, त्यामुळे दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं.

"ट्यूबलाइट फडफडते," तो म्हणाला.

"स्टार्टर गेला असेल."

तो खाली जाऊन स्टार्टर घेऊन आला, स्टुलावर चढून बसवला. उतरल्यावर हात झटकत म्हणाला, "ती बोलते घरात. एकटीच बोलते आधी. मग मलाही काहीतरी बोलावं लागतं." हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं की कौतुक म्हणून, ते कळलं नाही. चेहरा नेहमीसारखाच होता, मात्र जरा भरला होता. मग त्याने विचारलं, "तुझं बरं चाललंय ना?"

"बरं चाललंय," मी म्हटलं. आणि तसं ते चाललंच होतं.

तो गेल्यावर मी डाळ शिजायला लावली. सासूबाई हिरवा चष्मा लावून पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, डोळा लागला.

"अवो," त्या एकदम म्हणाल्या, "तुह्या कॉलेजात कोनी बिनलग्नाचा मास्तर नाही का?"

"एक आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होणार."

"मंग राहू दे." त्यांनी थोडा विचार केला. "आमच्या गावात एक हाय. बायको वारली. ट्रॅक्टर हाय, तंबाखू खात नाही. पाहू का?"

"नको, आई."

"नुसतं पाहाले काय जाते?"

"आधी चष्मा काढा," मी म्हटलं, "आणि मान वर करा. थेंब टाकायचे आहेत."

त्या कुरकुरल्या, पण त्यांनी मान वर केली.